नव्याची जुडी आणि खंडाची पावती

आश्विन पौर्णिमेस कोकणात नव्याची पूजा होते. भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, वरीचा तुरा, कुरडूचे फूल आणि आंब्याचे पान एकत्र बांधून ते ‘नवे’ दाराच्या चौकटीला, कणगीला, नांगराला बांधावयाचे. आमच्या बालपणी महाड-पोलादपूरकडे आमच्या घरी हे नवे कूळ आणून देई. ओटीवर त्याचे पाय धुण्यास पाणी, हातावर नारळ-सुपारी आणि पोरांच्या ओंजळीत खीर. मालक आणि कूळ यांचा तो सलोखा मी कीर्तनाच्या उत्तररंगात कितीदा तरी रंगवून सांगितला आहे.

परंतु वाचकहो, ते चित्र अपुरे आहे. हा खोतीचा मुलूख. अर्धेलीने पिकाचा निम्मा वाटा, शिवाय खोताच्या शेतावर फुकट वेठ, असा व्यवहार गावोगाव चाले. नवे घेऊन येणारे पाऊल प्रेमाने येई की भयाने, हे आम्ही ओटीवर बसणाऱ्यांनी कधी विचारले नाही. ज्यांना विचारावेसे वाटले त्यांनी विचारलेही. याच जिल्ह्यात अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. उपासमार सोसली, पण खोताची जमीन कसली नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली सत्याग्रह करणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती मात्र १९४९ च्या कायद्यान्वये.

आपल्या स्मृतींत या कसणाऱ्याचा उल्लेख आहे. याज्ञवल्क्य त्याला ‘अर्धसीरी’ म्हणतो. सीर म्हणजे नांगर. निम्म्या वाट्याने नांगर धरणारा तो अर्धसीरी. शूद्रांपैकी ज्यांचे अन्न द्विजाने घेण्यास हरकत नाही, त्यांत त्याची गणना केली आहे. हे वचन मी पूर्वी मोठ्या अभिमानाने सांगत असे. आता सांगताना अडखळतो, कारण तेथे विचार आहे तो जेवणाऱ्याच्या सोवळ्याचा. अन्न पिकवणाऱ्याच्या हक्काविषयी त्या ठिकाणी अक्षर नाही.

हक्काची भाषा आली ती १९४८ च्या कूळकायद्यात. खंडाखेरीज इतर पट्ट्या, हक्क आणि चाकरी घेणे त्याने बेकायदा ठरविले. जमीनमहसुलात सूट मिळाली तर खंडातही सूट देण्यास सांगितले. आणि मिळालेल्या खंडाची पावती मालकाने दिलीच पाहिजे असा दंडक घातला. पुढे १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी असंख्य कुळे कसत्या जमिनीची मालक झाली. त्यानंतर लावलेल्या कुळालाही खरेदीचा हक्क कायदा देतो. म्हणूनच आज मुंबई-पुण्यास राहणारा मालक कागदाला भितो. जमीन तोंडी बोलीवर देतो, नाहीतर ओसाड ठेवतो.

मीही त्यांतलाच. पोलादपूर तालुक्यात आमचे थोडे भातशेत आहे. ते वडिलांच्या वेळच्या माणसाचा मुलगा तोंडी बोलीवर कसतो. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तळीये गावावर दरड कोसळली, महाड शहर पाण्यात गेले, त्याच दिवशी आमचे लावलेले भातही गाळाखाली गेले. पंचनामा झाला आणि नुकसानभरपाई सातबाऱ्यावरच्या नावाने, म्हणजे माझ्या खात्यावर आली. बियाणे त्याचे, लावणी त्याच्या घरच्यांची. पैसे मात्र काही दिवस माझ्याकडेच राहिले. देऊ, जाऊ कधीतरी, असे म्हणत होतो. शेवटी घरातूनच प्रश्न आला, “कीर्तनात परद्रव्याचा दोष सांगता, मग हे द्रव्य कोणाचे?”

दुसऱ्या दिवशी एस. टी. ने गेलो आणि सारे पैसे त्याच्या हातावर ठेवले. त्याने कपाळाला लावून घेतले. मग खाली पाहत म्हणाला, “बुवा, तुम्ही आणून दिलंत. उद्या तुम्ही नसलात तर मी कुणाच्या ओटीवर जाऊ? काहीतरी लिहिलेलं असू द्या.”

त्या परतीच्या प्रवासात माझ्या मनात जे आले ते सांगण्यास संकोच वाटतो. जमीन हातची जाईल, हाच पहिला विचार. दान देणे सोपे होते. त्यात मी मोठा राहत होतो. पावतीने मात्र तो माझ्या बरोबरीने बसणार होता. महिनाभर गेला. मुलगा फोनवर रागावला, म्हणाला, “बाबा, वकिलाला तरी विचारा.” विचारले. वकिलांनी धोका नीट समजावून सांगितला, तो मी समजूनही घेतला.

त्या वर्षी आश्विन पौर्णिमेस तो नवे घेऊन आला. पीक गेल्यामुळे लोंब्या शेजारच्या शेतातल्या होत्या. मी पावतीपुस्तक काढले. त्या सालचा खंड माफ असल्याचे, आणि मागील सालचा पोचल्याचे, त्याच्या नावानिशी व गट क्रमांकासह लिहिले, सही केली. त्याने कागद दोनदा वाचला, घडी करून टोपीत ठेवला आणि चौकटीला नवे बांधण्यासाठी माझ्याकडे दोरा मागितला.