ड्रायस: थंडीच्या नावावर खपलेलं फूल

आइसलँड, नॉर्वे किंवा स्वालबार्डच्या उन्हाळ्याचे फोटो चाळताना एक पांढरं फूल हमखास समोर येतं. मधोमध पिवळ्या केसरांचा दाट पुंजका, भोवती बहुधा आठ पाकळ्या आणि उंची वीतभरसुद्धा नाही. हे ड्रायस ऑक्टोपेटाला. इंग्रजीत त्याला माउंटन अ‍ॅव्हेन्स म्हणतात. आइसलँडनं २००४ मध्ये त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला आणि कॅनडातल्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाचं फूलही ड्रायसच आहे. फोटोखालची ओळ साधारण ठरलेली असते: बर्फाळ प्रदेशातलं नाजूक रोपटं, कडाक्याच्या थंडीशिवाय न जगणारं. या ओळीतलं फारच थोडं खरं आहे.

आधी ‘नाजूक रोपटं’ पाहू. ड्रायस हे गुलाब-सफरचंदाच्या कुळातलं लाकडी खोडाचं झुडूप आहे. फक्त ते उभं न वाढता जमिनीला चिकटून सतरंजीसारखं पसरतं. त्याच्या खोडात झाडासारखी वार्षिक वलयं असतात आणि ती मोजून शंभरी ओलांडलेली झुडपं सापडली आहेत. पानं चिवट आणि चामड्यासारखी, कडा खाली मुडपलेल्या, पोटाला पांढरी लव. हिवाळ्यात ती झडत नाहीत. ही सगळी तयारी गारठ्याइतकीच वाऱ्यासाठी आहे. मुळाशी पाणी गोठलेलं असताना वारा पानांतली ओल शोषून घेतो आणि पुष्कळ झुडपं त्या कोरडेपणानं मरतात. जाड बर्फ खरं तर पांघरुणाचं काम करतो, पण ड्रायस पुष्कळदा असा उघडा कडा निवडतं, जिथला बर्फ वाऱ्यानं उडून गेलेला असतो.

‘थंडीशिवाय ते जगत नाही’

हा सगळ्यात पक्का बसलेला समज, आणि त्याला उत्तर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उघड्यावर पडलेलं आहे. क्लेअर परगण्यात बरेन नावाचा चुनखडीचा उघडाबोडका प्रदेश आहे. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तिथला हिवाळा सौम्य असतो. तिथं ड्रायस डोंगरमाथ्यापासून थेट समुद्रसपाटीपर्यंत उतरतं आणि मे महिन्यात खडकांवर पांढरं पसरतं. त्याच्या शेजारी भूमध्य सागराकाठचं एक ऑर्किडही वाढतं. उत्तर ध्रुवाकडचं झुडूप आणि दक्षिण युरोपातलं ऑर्किड एकाच खडकाच्या भेगांत पाहायला जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ तिथं जातात. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरही ड्रायस असंच खाली, लाटांच्या आवाजाच्या अंतरावर येतं.

मग त्याला हवं काय? चुनखडीची माती आणि डोक्यावर मोकळं आभाळ. ते हळू वाढतं, उंच होत नाही. शेजारी गवत माजलं किंवा झुडूप वाढलं की सावलीत संपतं. थंड, वाऱ्याच्या जागी दांडगे शेजारी टिकत नाहीत, म्हणून ते तिथं दिसतं. थंडी त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना दूर ठेवते, आणि आपण तिलाच त्याची आवड समजून बसलो आहोत.

अर्थात प्रत्येक ड्रायस कुठेही लावलं तरी चालेल असं नाही. अलास्कात १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत वाऱ्याच्या कड्यावरची झुडपं बर्फ साचणाऱ्या खोलगट भागात नेली आणि तिथली कड्यावर. दोन्ही जागांमध्ये अंतर फारसं नव्हतं, तरी आपापल्या जागेवरचीच चांगली टिकली. इतक्या जवळजवळही नैसर्गिक निवडीनं दोन वेगळे वाण घडवले होते.

‘यंगर ड्रायस’ आणि फुलाचा काय संबंध?

हवामानाच्या इतिहासात ‘यंगर ड्रायस’ हा शब्द वारंवार येतो. उल्का पडली, प्राणी नष्ट झाले, बुडालेली संस्कृती अशा गोष्टी त्याला जोडून व्हिडिओंमध्ये इतक्या सांगितल्या जातात की हे एखाद्या आपत्तीचं नाव असावं असंच वाटतं. आपत्तीशी या फुलाचा काही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला स्वीडन-डेन्मार्कमधल्या जुन्या तळ्यांच्या चिकणमातीत ड्रायसची पानं सापडू लागली. आज तिथं शेतं आणि जंगलं आहेत. पानं सांगत होती की एके काळी तिथं झाड नावालाही नव्हतं. चिवट पानं मातीत टिकतात आणि फारशी वाहून जात नाहीत, त्यामुळे साक्षीदार म्हणून ती फार सोयीची. पानं सापडणाऱ्या थरांच्या मधोमध उबदार काळातल्या झाडांचे अवशेष असलेला थर होता. त्यावरून थंड टप्प्यांना जुना ड्रायस, नवा (यंगर) ड्रायस अशी नावं पडली.

नवा ड्रायस म्हणजे सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा काळ. ते स्वतंत्र हिमयुग नव्हतं. हिमयुग ओसरत असताना उत्तर अटलांटिकभोवती थंडी अचानक परतली. उत्तर अमेरिकेच्या हिमस्तराचं वितळलेलं गोडं पाणी समुद्रात शिरून उबदार प्रवाह मंदावले, हे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण. उल्केचा दावा वादात आहे आणि बहुतेक अभ्यासकांना पटलेला नाही. व्हिडिओंत मात्र तो निकाल लागल्यासारखा सांगतात. या थंडीचा धक्का आपल्याकडेही पोचला होता. मेघालयातल्या मॉमलुह गुहेतल्या चुनखडीच्या थरांत आणि अरबी समुद्राच्या गाळात त्या काळी मान्सून दुबळा पडल्याच्या खुणा आहेत.

पुढं हवा तापली, जंगलं उत्तरेकडे सरकली आणि ड्रायस हटत हटत कडे, खडक आणि ध्रुवाकडची माळरानं यांवर उरलं. त्याला उष्म्यानं नव्हे, सावलीनं हुसकलं.

सूर्यफुलापेक्षा जास्त सूर्यफूल

सूर्याकडे वळणारं फूल म्हटलं की आपल्याला सूर्यफूल आठवतं. पण पूर्ण उमललेलं सूर्यफूल वळत नाही. ते पूर्वेकडे तोंड करून थांबतं. वळतं ते कोवळं रोप. ड्रायसचं मात्र उमललेलं फूलच दिवसभर सूर्यामागे फिरतं. त्याची वाटी उन्हाचे किरण मधल्या पुंजक्यावर गोळा करते आणि आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा काही अंशांनी चढतं. छोट्या उन्हाळ्यात बिया भरायला ही ऊब लागते. शिवाय गारठलेले कीटक ऊन खायला तिथं येऊन बसतात आणि जाताना पराग नेतात.

कीटक म्हणजे मधमाश्या असं गृहीत धरू नका. ध्रुवाकडे हे काम मुख्यतः माश्या करतात, आपल्या घरातल्या माशीच्या कुळातल्या. ईशान्य ग्रीनलँडमधल्या झॅकेनबर्ग केंद्रावरच्या नोंदींनुसार उन्हाळा तापत गेला तसा फुलांचा मोसम आखूडला आणि माश्याही घटल्या.

‘ड्रायस जमिनीला नायट्रोजन देतं’

हे अर्धसत्य पुस्तकांतूनही फिरतं. अलास्काच्या ग्लेशियर बे भागात हिमनदी मागे सरकली की उघड्या खडीवर पिवळ्या, मान खाली घातलेल्या फुलांचं ड्रायस ड्रमंडाय पसरतं. त्याच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात. पांढऱ्या ड्रायसची प्रयोगशाळेत तपासणी केली तेव्हा अशा गाठी आढळल्या नाहीत. एकाच वंशातली दोन झुडपं, पण एकाचं श्रेय दुसऱ्याला देऊन मोकळं होण्याची सवय जुनी आहे.

मग त्याला खरा धोका कशाचा?

तापमानवाढीनं ड्रायस वितळून जाईल असं चित्र रंगवलं जातं. बरेनमधला त्याचा बहर पाहता हे चित्र अपुरं आहे. ध्रुवाकडच्या माळरानांत हवा तापल्यावर विलो, बर्चसारखी झुडपं वाढतात आणि त्यांच्या सावलीत ड्रायसची जागा जाते. काळजी मुख्यतः याची आहे. बरेनमध्ये तापमानवाढीची वाट न पाहता हेच घडू शकतं, कारण गुरं चरली नाहीत तर खडकांवर हेझलची झाडी माजते. म्हणून तिथले शेतकरी पूर्वापार हिवाळ्यात गुरं डोंगरावर नेतात. ती वाळलेलं गवत खाऊन उन्हाळ्यातल्या फुलांना जागा करतात. हे चराईचं काम नीट व्हावं यासाठी २००५ पासून तिथल्या शेतकऱ्यांना योजनेतून पैसे मिळत आले आहेत.