आधारची झेरॉक्स देण्याआधी

महाड एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत काम मिळावं म्हणून पोलादपूरकडची मुलं भरती एजन्सीकडे किंवा ठेकेदाराकडे कागद देतात. बायोडाटासोबत आधार, पॅन, पासबुक असं सगळं एकाच गठ्ठ्यात जातं. ते पुढे कुणाकुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, हे विचारायचं मात्र राहून जातं.

२०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हा प्रश्न विचारण्याचा हक्क देतो. कागद स्कॅन झाला, फोनमध्ये गेला, की तोही या कायद्याखाली येतो. कोणती माहिती कशासाठी हवी, हे संमती घेताना स्पष्ट सांगायला हवं, आणि ते मराठीत मागता येतं. दिलेली संमती मागेही घेता येते. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. मुख्य बंधनं मे २०२७पासून लागू होतील. माहिती सांभाळण्यात कसूर झाली, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

तोवर थांबायचं कारण नाही. मुलाखतीलाच पासबुक कशाला? ते पगार सुरू होताना द्यावं. आधारचे शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. झेरॉक्सवर तारीख आणि कारण लिहून सही करा. ओटीपी मात्र कुणालाच देऊ नका.