गोठ्यातून आलेली सूज

१९८८ च्या पावसाळ्यात माझा उजवा वृषण सुजून मोसंबीएवढा झाला. त्याआधी पंधरा दिवस रोज संध्याकाळी ताप चढे आणि रात्री बनियन पिळावं इतका घाम येई. डॉक्टरांनी दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "बाहेर कुठे जाणं-येणं?" जाणं-येणं होतं, पण गोठ्यात. मी पशुवैद्य. ते मात्र त्यांनी विचारलं नाही आणि लाजेपायी मलाही सुचलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी एका म्हशीनं सातव्या महिन्यात गाभ टाकला होता. अडकलेली वार मी खांद्यापर्यंत हात घालून सोडवली, मोजे न घालता. तेव्हा मोजे घालणारा आमच्यात नवखा ठरायचा.

निदान शेवटी आमच्याच प्रयोगशाळेत झालं. गुलाबी रोझ बेंगालच्या थेंबात माझ्या रक्तजलाचा थेंब मिसळला, काच हलवली आणि दाणे उमटले. ब्रुसेलोसिस. पुढे सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसीन, म्हणजे सहा आठवडे नारिंगी लघवी. सूज उतरली. कर्करोगाची गाठ समजून वृषणच काढून टाकल्याचीही उदाहरणं आहेत, हे मी नंतर वाचलं. आधी वाचलं नाही तेच बरं.

तोवर हा जंतू सापडून शंभर वर्षं झाली होती. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूसनं माल्टात तापानं मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेतून तो वेगळा केला. पण तो येतो कुठून, हे कळायला आणखी १८ वर्षं गेली. शेळ्या रोज डोळ्यांसमोर होत्या. व्हॅलेटाच्या गल्ल्यांतून त्यांचे कळप फिरायचे आणि गिऱ्हाइकाच्या दारातच धार काढली जायची. दिसायला ठणठणीत, म्हणून संशय नाही. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिटनं त्यांचं रक्त तपासलं, तर जवळजवळ निम्म्या शेळ्यांना लागण झालेली, आणि दहातली एक दुधातून जंतू सोडणारी. १९०६ मध्ये सैन्यात ते दूध बंद झालं आणि छावणीतला ताप ओसरला. गावातला नाही.

मला जवळची वाटते ती अ‍ॅलिस इव्हान्स. गाभ टाकणाऱ्या गायींचा जंतू डेन्मार्कमध्ये बांगनं १८९७ मध्येच शोधला होता. तो आणि माल्टाचा जंतू भावकीतलेच, हे इव्हान्सनं १९१८ मध्ये दाखवलं, तेव्हा कुणी मानेना. १९२२ मध्ये तिलाच लागण झाली आणि तिचं दुखणं कित्येक वर्षं मनाचं खूळ ठरवलं गेलं.

आपल्याकडे देशव्यापी लसीकरण २०१९ मध्ये सुरू झालं. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना एकच टोचणी. अशा एका शिबिरात मी निवृत्तीनंतर सहज डोकावलो. तरुण डॉक्टरनं मोजे, चष्मा, सगळं चढवलं होतं. एका शेतकऱ्यानं गोऱ्हा पुढे केला. "याला का नाही?"

"लशीतला जंतू जिवंत असतो, काका. नराच्या वृषणात जाऊन बसू शकतो."

त्यानं गोऱ्ह्याचं दावं ओढून त्याला चार पावलं मागं घेतलं. मीही नकळत मागं सरकलो.