जुन्या डर्ट बाइकला स्किड प्लेट बसवताय? आधी एवढं समजून घ्या

नवीन मोबाईल घेतला की आपण त्याच दिवशी कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास लावतो. पण शेतातल्या दगडांतून जाणाऱ्या गाडीचं इंजिन मात्र खालून उघडंच असतं. मीही हे दुर्लक्ष केलं आणि त्याची किंमत दोनदा मोजली.

माझी गाडी २०१२ ची हिरो इम्पल्स, सेकंड हँड घेतलेली. हे मॉडेल २०११ मध्ये आलं आणि नंतर बंदही झालं. मी नोकरीला पुण्यात, गाडी गावी उमरग्यात. सोलापूर–हैदराबाद हायवेवरून खाली उतरलं की आमच्या शेताकडे जाणारी पांदण लागते. काळी माती, त्यात ट्रॅक्टरने पाडलेली खोल चाकोरी आणि मातीतून डोकं वर काढलेले काळे दगड. चाकोरीतून बाहेर पडताना पुढचं चाक दगडावरून गेलं आणि इंजिन त्याच दगडावर बसलं. ठक्क! मी तसाच पुढे निघालो. मागून येणारे अण्णा ओरडले, "अरे थांब, तेल सांडायलंय!"

मागे मातीत ऑइलची रेघ होती. लगेच इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत घरी आणली. ड्रेन नटाशेजारी चेंबरला तडा गेला होता. अशा इंजिनमध्ये ऑइल असतं जेमतेम लिटरभर. ते संपल्यावर गाडी चालवत राहिलो असतो तर पिस्टन जाम झाला असता. आर्गन वेल्डिंग आणि नवीन ऑइलवर निभावलं.

स्किड प्लेट नेमकं काय करते?

इंजिनचं चेंबर ओतीव ॲल्युमिनियमचं असतं. ते वाकत नाही, थेट तडकतं. स्किड प्लेट म्हणजे चेंबरच्या खाली बसणारा जाड पत्रा. दगडाचा मार तो स्वतः घेतो आणि चेसिसच्या पाईपांकडे पाठवतो. म्हणजे पत्रा किती जाड आहे यापेक्षा तो कुठे पकडला आहे हे जास्त महत्त्वाचं.

इथेच मी दुसऱ्यांदा चुकलो. घाईघाईत एक लोखंडी पत्रा कापून घेतला, पुढून चेसिसला आणि मागून इंजिनच्याच एका बोल्टला अडकवला. दोन महिन्यांनी पुन्हा दगड लागला. पत्रा शाबूत राहिला, पण त्याने ओढ दिल्यामुळे चेंबरचा बोल्ट बसतो तो कान तुटला. मार अडवायचा सोडून मी तो इंजिनपर्यंत पोहोचवायची सोय केली होती!

पत्रा कोणता घ्यायचा?

समजा प्लेट ४० बाय २५ सेंटीमीटरची आहे.

- ४ मिमी ॲल्युमिनियम: वजन सुमारे १.१ किलो
- २ मिमी लोखंड: वजन सुमारे १.६ किलो

लोखंड जास्त ताठ असतं हे खरं. पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट! म्हणून ४ मिमी ॲल्युमिनियमची प्लेट हलकी असूनही २ मिमी लोखंडापेक्षा जवळपास पावणेतीन पट ताठ असते. लोखंडाचा फायदा असा की गावातला कोणताही वेल्डिंगवाला ते दुरुस्त करून देतो. तुमच्या मॉडेलची तयार प्लेट मिळाली तर तीच घ्या.

बसवायची कशी?

१. गाडी धुवा, इंजिन थंड होऊ द्या. मोबाईल खाली धरून सगळ्या बाजूंनी फोटो काढा. जुना तडा किंवा ऑइल गळती असेल तर आधी ती दुरुस्त करा. प्लेट लावल्यावर ती दिसणार नाही.

२. आधी पुठ्ठ्याचा साचा कापा. ड्रेन नट, गिअर लिव्हर, ब्रेक पेडल, स्टँड आणि सायलेन्सरचा बेंड पाईप कुठे येतो ते त्यावर आखून घ्या.

३. प्लेट आणि चेंबर यांच्यात १० ते १२ मिमी फट ठेवा. वाकलेली प्लेट चेंबरला टेकायला नको. मोबाईल कव्हरच्या उंच कडा स्क्रीनला जमिनीपासून दूर ठेवतात, तसंच हे. बेंड पाईपपासून याहून जास्त अंतर ठेवा, आणि तिथे रबर लावू नका.

४. क्लॅम्प इंजिनखालून जाणाऱ्या चेसिसच्या पाईपांवरच लावा, मध्ये रबराची पट्टी द्या. बोल्टची डोकी पत्र्यात बुडालेली हवीत, नाहीतर दगड त्यातच अडकतो. नट नायलॉकचे घ्या. आधी सगळे बोल्ट सैल बसवा, मग आलटून पालटून आवळा.

५. ड्रेन नटासमोर पाना जाईल एवढं भोक ठेवा. पुढच्या बाजूला हवेसाठी आणि तळाला पाणी-चिखल निघण्यासाठीही भोकं हवीत. हवेवर थंड होणारं इंजिन पूर्ण झाकलं तर ते तापतं.

६. शेवटी दोघांनी मिळून पुढचा शॉकअप पूर्ण दाबून बघा. चाक किंवा मडगार्ड प्लेटला लागत असेल तर तसं चालवू नका.

काही गाड्यांच्या इंजिनखालून चेसिसचा पाईप जातच नाही, इंजिन वरूनच लटकलेलं असतं. अशा गाडीला 'सगळ्यांना बसते' म्हणून विकली जाणारी प्लेट लावू नका. त्या मॉडेलसाठी बनवलेलीच घ्या.

बसवल्यानंतर

पन्नासेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. इंजिनचा आवाज थोडा मोठा वाटेल, तो पत्र्यावरून परत येतो. फट आणि पत्रा धरून जमिनीपासूनचं अंतर दीड सेंटीमीटर कमी होतं, हे चालवताना लक्षात ठेवा. आपल्याकडची काळी माती प्लेटमध्ये साचून विटेसारखी वाळते, म्हणून पावसाळ्यात दर फेरीनंतर पाणी मारा. आणि मोठा मार बसला की थांबून खाली बघा, प्लेट असली तरी!

माझ्या नव्या प्लेटला आता दोन मोठे पोचे आहेत. परवा अण्णांनी वाकून ते पाहिले आणि म्हणाले, "हे चेंबरला पडले असते." आता मी पुण्यात असलो की तीच गाडी घेऊन ते शेतात जातात.