झाकणं म्हणजे राखणं नव्हे

उभं विमान सुरक्षित असतं, हा समज फसवा आहे. उडत्या विमानाला रोज कोणी ना कोणी तपासतं. उभ्या विमानाला मात्र ऊन, ओल, धूळ आणि किडे सावकाश पोखरत राहतात. म्हणून आच्छादनं हवीतच. पण काय झाकलं, काय मोकळं सोडलं आणि झाकलेलं कोणी उघडलं, याची नोंद नसेल तर आच्छादनच जिवावर उठू शकतं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेने ॲरिझोनातल्या डेव्हिस-मॉन्थन तळावर बी-२९ आणि सी-४७ विमानं साठवली. तिथली हवा कोरडी आणि जमीन इतकी टणक, की फरसबंदीशिवाय विमानं उभी राहतात. विमान धुऊन, इंधनयंत्रणेत हलकं तेल फिरवून, फटींना टेप लावून तिथे सोलता येणारा लेप फवारतात. आधी काळा, मग ऊन परतवणारा पांढरा. खालची बाजू मुद्दाम मोकळी ठेवतात, कारण आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट हवी. लढाईच्या धामधुमीत एवढी निगा कशी परवडणार, असं कोणी म्हणेल. पण त्याच महायुद्धात जहाजांच्या डेकवरून अटलांटिकपार जाणाऱ्या लढाऊ विमानांचेही सांधे बंद करून त्यांना संरक्षक लेप देत. नाहीतर खाऱ्या पाण्याने ती लढण्याआधीच निकामी झाली असती. आणि १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं, तेव्हा साठवणीतली बी-२९ विमानं पुन्हा कामी आली.

शांततेच्या काळात, चार दिवस उभ्या राहणाऱ्या प्रवासी विमानाला हे सोपस्कार कशाला, हा दुसरा आक्षेप. त्याचं उत्तर १९९६ सालाने दिलं. ६ फेब्रुवारीला पोर्तो प्लाताहून उडालेलं बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ जण गेले. ते काही आठवडे उभं होतं, वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांवर टोप्या नव्हत्या. बहुधा किड्यांच्या घरट्याने नळी बुजली होती. २ ऑक्टोबरला लिमाहून निघालेलं दुसरं बोइंग ७५७ नेमकं उलट्या कारणाने पडलं. विमान धुताना हवेचा दाब टिपणाऱ्या छिद्रांवर लावलेली टेप तशीच राहिली होती. चंदेरी पत्र्यावरची चंदेरी टेप कोणाच्या नजरेस पडली नाही. ७० माणसं दगावली.

मग आच्छादनं कमी करावीत का? मुळीच नाही. ती मोजून लावावीत, मोजून काढावीत. लांबून दिसणारी लाल फीत, वहीतली नोंद आणि दुसऱ्या माणसाने स्वतः पाहून केलेली सही, ही हवामानापासूनच्या संरक्षणाचीच अंगं आहेत. उड्डाणाची कितीही घाई असली, तरी या कामाचा वेळ कापण्याचा अधिकार कोणालाही असू नये.