रूप उरलें, नाम गेलें

ऑस्ट्रेलियांत ‘स्टेशन’ म्हटल्यानें केवळ आगगाडीच्या थांब्याचाच बोध होतो असें नाहीं. हजारों एकरांचें कुरण, त्यावर चरणारे मेंढ्यांचे कळप आणि मध्यें धन्याचें एकाकी घर, या सर्वांस मिळून तेथें ‘शीप स्टेशन’ म्हणतात. मेरिनो जातीच्या मेंढ्या त्या देशांत १७९७ सालीं आल्या. पुढें त्यांच्याच लोंकरीवर वसाहतीचें वैभव उभें राहिलें.

धंदेवाईक छायाचित्रकार बहुतेक शहरांत असत. रानांतील कुटुंबाचीं चित्रें कित्येकदां हौशी मंडळीही घेत. न्यू साउथ वेल्स प्रांतीं हंटर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, स्कोन गांवानजीक थॉर्नथ्वेट येथें राहणारे जोसेफ डॉकर (१८०२–१८८४) हे असेच एक आद्य हौशी छायाचित्रकार होत. ते पेशानें शल्यवैद्य व जमीनदार. पुढें पोस्टमास्तर जनरलही झाले. त्यांचा हा छंद त्यांचे चिरंजीव न्यायाधीश अर्नेस्ट यांनींही चालविला.

छंद मात्र कष्टसाध्य होता. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनीं १८५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या कृतींत कांचेस कलोडियनचा लेप देऊन ती रौप्यक्षाराच्या द्रावणांत बुडवावी लागे. ती ओली आहे तोंच चित्र घेऊन अंधारांत धुतली पाहिजे. लेप वाळला कीं सारे श्रम व्यर्थ! घरांत प्रकाश अपुरा, म्हणून मंडळी ओसरीवर बसत. कित्येक सेकंद निश्चल राहावें लागे, म्हणून मुद्रा गंभीर. चुळबुळें मूल तेवढें धुरकट उमटे. हा गुण उपकरणाचा, स्वभावाचा नव्हे. त्यावरून तीं माणसें हंसतच नसत असें अनुमान करणें न्याय्य होणार नाहीं.

चित्रांत जें क्वचितच येतें, त्याचाही विचार करावा. ठेवणींतलीं वस्त्रें दिसतात. चूल, धुणें व रोजची दगदग दिसत नाहीं. शिवाय हंटर खोरें ही मूळची वोनारुआ लोकांची भूमि. वसाहतवाल्यांनीं अशा आदिवासींची भूमि घेतली, आणि पुढें त्यांतील कित्येक जण कुरणांवर मेंढपाळ व घरांतून चाकर म्हणून राबले. जुन्या चित्रांत ते कोठें कोठें उभे आहेत. परंतु चित्राखालीं धन्याचें नांव असतें, त्यांचें बहुधा नसतें. रूप उरलें, नाम गेलें!

आपल्याही पेट्यांतून जुने फोटो असतीलच. घरांत वडील माणसें आहेत तोंवर त्यांस विचारून प्रत्येकाच्या पाठीमागें पेन्सिलीनें नांव, गांव व साल हलक्या हातानें लिहून ठेवावें. कोपऱ्यांत उभ्या असलेल्या गड्याचें व स्वयंपाकीणबाईंचें नांवही त्यांत विसरूं नये.