थोडे पाहुणे, चढा दर

आफ्रिकेतील बोत्स्वानात ओकावांगो नदी समुद्राला न मिळता कलहारीच्या वाळूत पसरते. अंगोलाच्या डोंगरांतील पुराचे पाणी येथे भरते ते ऐन कोरड्या जून ते ऑगस्टमध्ये. त्यामुळे एकाच सफरीत पाणथळीतील होडी व वाळवंटातील जीप, दोन्ही साधतात. १९९० च्या पर्यटन धोरणाने गर्दी टाळून थोडे पाहुणे व चढा दर हा मार्ग धरला.

आम्हाला मोलाची वाटते ती तेथील बायकांची कारागिरी. ताडाच्या पातींना मुळांचा, सालींचा रंग देऊन त्या टोपल्या विणतात. पूर्वी त्यांत धान्य ठेवत; आज त्या पाहुणे विकत घेतात. कारागीर बंधुभगिनींनी ध्यानात घ्यावे : गिऱ्हाईक श्रीमंत असले म्हणून विणणाऱ्या हाताला मोल आपोआप मिळत नाही, ते ठरवून मागावे लागते.